ओझं कुठून काढायचं आणि कुठून नाही: ट्री स्टँडच्या शिकारीसाठी हलक्या क्लाइम्बिंग स्टिक्स

मिशिगनमध्ये दरवर्षी १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि १५ नोव्हेंबरला बंदूकवाले जंगलात उतरतात. मधल्या सहा आठवड्यांत सरकारी जमिनीवर व्हाइटटेल हरणाच्या मागे लागलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. गाड्या लावायच्या जागेपासून पहिल्या अर्ध्या मैलात माणसांचीच वर्दळ असते, आणि हरणं दिवसाउजेडी तिकडे फारशी फिरकत नाहीत. वॉटरलू असो, पिंक्नी असो की पश्चिमेकडचं अ‍ॅलेगन, या सरकारी जंगलांत हरणं दलदलीच्या पलीकडे, ओकच्या एखाद्या उंचवट्यामागे जाऊन राहतात. तिथवर चालत जायचं, तेही पहाटेच्या अंधारात आणि आवाज न करता. पाठीवर ट्री स्टँड, म्हणजे झाडाला अडकवायचं छोटं मचाण, झाडावर चढायच्या स्टिक्स, पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा म्हणजे हार्नेस, हातात धनुष्य. नवखा शिकारी घामाघूम होऊन पोचतो, घामाचा वास वाऱ्यावर जातो आणि ती सकाळ तिथेच संपते.

स्टिक्स हलक्या करण्याचा खटाटोप यासाठी करायचा. ओझं कमी झालं की माणूस लांब जातो, आणि जागा चुकली असं दिसलं तर सगळं उतरवून दुसऱ्या झाडाकडे जायला कंटाळा करत नाही. मात्र वजन कमी करण्याच्या नावाखाली जे काही चालतं, त्यातलं बरंचसं धोक्याचं आहे. म्हणून सुरुवातीलाच माझा नियम सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: जो भाग तुमच्या शरीराचं वजन पेलतो, त्याच्या धातूला हात लावायचा नाही. वजन काढायचं ते पट्ट्यांतून, बकलांतून, स्टिक्सच्या संख्येतून आणि बांधणीतून.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, इथे शिकार शिकू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी मचाण पाहिलं असलं, तर ते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजताना. त्यामुळे इथे घरच्या कुणाकडून हे शिकायला मिळत नाही, आणि जे पुस्तकात नसतं ते कुणीतरी सांगावं लागतं.

आधी कायद्याचं

मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना घेण्याआधी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. कोर्स न करता अप्रेंटिस परवान्यावर अनुभवी माणसासोबत जाता येतं, पण नव्या माणसाने कोर्स करावाच असं मी सांगेन. झाडावरून पडण्याबद्दलचा त्यातला धडा एकट्यानेच पैसे वसूल करतो.

सरकारी जमिनीवर झाडाच्या सालीच्या आत शिरणारं काहीही वापरायला मिशिगनमध्ये मनाई आहे. खिळे चालत नाहीत आणि पिळून बसवायच्या लोखंडी पायऱ्याही चालत नाहीत. पट्ट्याने किंवा दोरीने आवळायच्या स्टिक्स त्यामुळेच इथे रुळल्या. स्टँड जंगलात ठेवणार असाल, तर त्यावर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा वा परवान्याचा क्रमांक वाचता येईल असा लावावा लागतो. बाकीच्या राज्यांत नियम वेगळे आहेत आणि ते बदलतातही, म्हणून दरवर्षी त्या वर्षीची पुस्तिका काढून वाचा.

एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट. बंदूक बाळगायला अशा लोकांना केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तर अपवाद मिळतो. पण हा मामला इतका नाजूक आहे की वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीकडे वळू नका. धनुष्याला तो कायदा लागू नाही, आणि या लेखात सगळं धनुष्याचंच आहे.

स्टिक म्हणजे नेमकं काय, आणि तिचं वजन कुठे असतं

अ‍ॅल्युमिनियमची २० ते ३२ इंचांची नळी, तिला पाय ठेवायला दोन किंवा तीन पायऱ्या आणि खोडाच्या सालीला धरून बसणारे दातेरी ब्रॅकेट, एवढीच ती वस्तू. मधल्या ब्रॅकेटजवळून पट्टा निघतो, खोडाला वळसा घालतो आणि बकलात किंवा एका गोल बटणावर येऊन अडकतो. अशा तीन-चार स्टिक्स एकीवर एक बांधत वर जायचं आणि उतरताना एकेक सोडवत खाली यायचं.

सुरुवातीला बहुतेक जण घेतात तो संच ३० इंचांच्या चार स्टिक्सचा असतो. पट्ट्यासकट प्रत्येकी तीन पौंडांच्या आसपास, म्हणजे बारा पौंड. त्यावर बारा-पंधरा पौंडांचा हँग-ऑन, म्हणजे खोडाला टांगायचा स्टँड, दोन-तीन पौंडांचा हार्नेस आणि दोऱ्या, बाणांसकट पाच-सहा पौंडांचं धनुष्य, शिवाय कपडे आणि पाणी. बेरीज पस्तीस पौंडांच्या पुढे सहज जाते.

काहीही बदलण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि प्रत्येक वस्तू वेगळी मोजा: पट्टा काढून स्टिक, मग नुसता पट्टा, मग बकल. वहीत लिहून ठेवा. बकलवाला एक इंची पट्टा बरेचदा सहा-आठ औंस भरतो, असे चार म्हणजे दीड-दोन पौंड. जाहिरातीत दिलेलं स्टिकचं वजन अनेकदा पट्ट्याशिवायचं असतं, हेही काट्यावरच कळतं.

आणि एक खरं सांगून टाकतो. तुमचा स्टँड पंधरा पौंडांचा असेल तर स्टिकवरचे दोन-दोन औंस खरवडत बसण्यात अर्थ नाही. सॅडल म्हणजे कमरेला बांधायची झोळीवजा बैठक. ती आणि पाय टेकायचा छोटा प्लॅटफॉर्म घेतला की सात-आठ पौंड एका झटक्यात जातात. प्रत्येकाला सॅडल मानवत नाही, तासन् तास त्यात टेकून राहणं शिकावं लागतं. पण हिशेब करताना तो पर्याय डोळ्यांसमोर असू द्या.

लांब स्टिक कापू नका

हा प्रश्न नवे लोक सर्वांत आधी विचारतात: ३२ इंचांची स्टिक कापून २० इंचांची केली तर? बोल्टने जोडलेल्या पायऱ्या असल्या तर हे सोपंही दिसतं. नळी कापा, नवीन भोक पाडा, पायरी सरकवून बसवा.

मी याच्या विरोधात आहे आणि कारण सरळ आहे. स्टिकवर लिहिलेली मर्यादा, बहुधा ३०० पौंड, कंपनीने ठरवलेल्या रचनेची चाचणी घेऊन ठरलेली असते. नवीन भोक पाडलं की तिथे ताण एकवटतो. ते भोक पायरीच्या बोल्टसाठी असेल, तर वजन नेमकं त्याच कडेवर येतं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखी सवड नसते. वारंवार वजन पडत गेलं की त्यात बारीक तडा वाढत जातो आणि शेवटी काही सूचना न देता ते तुटतं. वजन कमी व्हावं म्हणून नळीला ओळीने भोकं पाडणारेही आहेत. त्यातून वाचतात दोन-तीन औंस, आणि त्या औंसांची किंमत तुमचा पाठीचा कणा असू शकतो.

वेल्डिंग तर घरी मुळीच नको. या कामात बहुधा वापरलं जाणारं ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचा पट्टा पुन्हा मऊ होतो आणि त्याची ताकद एकतृतीयांशाहून जास्त उतरते. कारखान्यात वेल्ड केलेल्या स्टिकची आखणी हे धरूनच केलेली असते. गॅरेजमध्ये तो हिशेब कुणी करत नाही.

मग छोटी स्टिक हवी तर काय करायचं? लांब स्टिक्स विकायच्या आणि वीसेक इंचांच्या, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेल्या स्टिक्स घ्यायच्या. मोसम संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत वापरलेल्या स्टिक्स निघतात. घेताना प्रत्येक वेल्ड उजेडात धरून बघा, पायऱ्या हाताने हलवून बघा, आणि विकणाऱ्याने काही कापलं, भोसकलं असेल तर सोडून द्या. टायटॅनियम किंवा कार्बन फायबरच्या स्टिक्स एका पौंडाच्या आसपास येतात. त्या उत्तम असतात, पण महाग. पहिल्या मोसमात त्यांची गरज नाही.

पट्टा काढून दोरी

सर्वांत जास्त फायदा आणि सर्वांत कमी धोका असलेला बदल हा आहे, म्हणून यावर वेळ घालवा.

बकलवाला पट्टा जड असतो, त्याचं लोखंडी बकल स्टिकवर आपटून टणकारतं, आणि थंडीत ओल्या पट्ट्यावर बर्फ धरला की ते सरकेनासं होतं. त्याच्या जागी डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याची, पोकळ विणीची बारा पदरी दोरी वापरतात. शिडाच्या बोटींवर वापरतात तीच ही; अ‍ॅमस्टील हे तिचं इथलं प्रचलित नाव. पाव इंच जाडीच्या दोरीची सरासरी तुटण्याची ताकद ८,६०० पौंडांच्या घरात आहे, तीनषोडशांश इंचाची ५,४००च्या घरात. शंभर फुटांचं वजन अनुक्रमे सुमारे १.६ आणि १ पौंड. एका स्टिकला लागणारी दोरी दोन-तीन औंसांत बसते.

नव्या माणसाने पाव इंचाची घ्यावी. तीनषोडशांशाचीही ताकद पुरेशी असते, पण बारीक दोरी हातमोज्यांनी नीट पकडता येत नाही आणि घासून खराब झाली तर तिच्यात राखीव ताकद कमी उरते.

या दोरीचे दोन गुणधर्म पाठ करून ठेवा. ती अतिशय गुळगुळीत असते, त्यामुळे साध्या गाठी तिच्यात सरकतात, आणि न सरकणाऱ्या गाठीसुद्धा तिची निम्म्याच्या आसपास ताकद खातात. म्हणून तिला गाठ मारत नाहीत, स्प्लाइस करतात: दोरीचं टोक तिच्याच पोकळ पोटात ओवून फास करायचा. वजन पडलं की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळून धरते. दुसरं म्हणजे डायनीमा १५० अंश सेल्सियसच्या अलीकडे-पलीकडे वितळतं. दोरीवर दोरी जोरात घासली जाईल असं काही तिच्यासोबत करू नका, आणि टोक कापताना लायटरने जाळून कडक गोळा करू नका, तो आत ओवला जाणार नाही.

स्प्लाइस करायची असेल तर आत जाणारं टोक दोरीच्या जाडीच्या निदान ७२ पट लांब हवं. पाव इंचाच्या दोरीला हे १८ इंच होतात. नवे लोक सहा-आठ इंच ओवून थांबतात, आणि ती स्प्लाइस हातात घट्ट वाटली तरी वजन पडता-सुटता हळूहळू निसटू शकते. टोकाचे काही पदर आळीपाळीने कापून ते निमुळतं करा, म्हणजे आत एकदम पायरी पडत नाही. सुरुवातीला दोरी स्वतःतून दोनदा आरपार नेऊन अडकवून घ्या. त्या पद्धतीला लॉक्ड ब्रमेल म्हणतात, आणि ती केल्याने वजन नसतानाही टोक बाहेर येत नाही. ओवण्यासाठी फिड नावाची पोकळ सुई मिळते. नसेल तर वाकवलेली बारीक तार चालते.

स्टिकसाठी लागते ती डेझी चेन, म्हणजे एका टोकाला पक्का फास आणि पुढे दर दोन-तीन इंचांवर छोटे फास असलेली दोरी. ती हाताने बनवता येते, पण सगळ्या स्प्लाइस नीट जमायला सराव लागतो. पहिल्या वेळी तयार विकत घ्या आणि घरी तिच्या शेजारी बसून एक स्वतः विणून बघा. स्वतः विणलेली आपल्या वजनाने नीट पारखल्याशिवाय झाडावर नेऊ नका.

बसवायची रीत अशी. पक्का फास ब्रॅकेटच्या एका बाजूला स्वतःतून ओवून अडकवा. त्याआधी दोरी जिथे टेकते तिथल्या ब्रॅकेटच्या सगळ्या कडांची नुसती धार कानशीने घासून मोडा; धातूला हात न लावण्याच्या नियमाला एवढाच अपवाद. कड गुळगुळीत झाली की नाही हे बोटाला कळत नाही. कापसाचा बोळा फिरवून बघा, धागे अडकले तर अजून घासा. मग दोरी खोडाभोवती नेऊन जो फास जवळ येईल तो ओढून बटणावर चढवा. फास ओढताना स्टिक किंचित वर उचलून तिरकी धरा. फास बसला की स्टिक खाली दाबा, म्हणजे ब्रॅकेटचे दात सालीला घट्ट धरतात आणि दोरी ताणली जाते. मग पायरीवर पाय ठेवून हळूहळू पूर्ण वजन टाका.

एक उणीव मान्य करायला हवी. डायनीमा ताणत नाही आणि सालीला धरतही नाही, तर नायलॉनचा पट्टा सालीला चिकटून राहतो. बीचसारख्या गुळगुळीत सालीच्या झाडावर, त्यातून पाऊस किंवा बर्फ असताना, डायनीमावर बांधलेली स्टिक जास्त घसरते. अशा झाडावर मी पट्टाच पसंत करतो, किंवा ते झाडच सोडतो.

कमी स्टिक्स, तीच उंची

चार स्टिक्सऐवजी तीन नेल्या तर एका फटक्यात दोन पौंड वाचतात. पण उंचीचा हिशेब आधी करा. वीस इंचांच्या स्टिकच्या दोन पायऱ्यांत साधारण १६ इंच अंतर असतं, आणि दोन स्टिक्समध्ये आरामात चढता येईल असं अंतर १६ ते १८ इंच. म्हणजे प्रत्येक स्टिकमागे तीन फुटांच्या आत उंची मिळते. तीन स्टिक्सनी फार तर नऊ फूट, आणि धनुष्याच्या शिकारीला हे थोडं कमी पडतं.

इथे एडर येतो: स्टिकच्या खाली लटकणारी पट्ट्याची पायरी. एका पायरीचा एडर दीडेक फूट वाढवतो, त्याचं वजन दोन-तीन औंस. तीन स्टिक्स आणि प्रत्येकीला एक एडर धरला तर तेरा फुटांच्या आसपास पोचता येतं. वीस फूट उंच बसलंच पाहिजे ही समजूत आहे. मागे जाड खोड, आजूबाजूला फांद्या आणि अजून न गळलेली पानं असतील तर बारा ते पंधरा फुटांवर हरणाला तुमची बाह्याकृती वेगळी दिसत नाही. उंची वाढवत गेलात तर बाणाचा कोनही अवघड होत जातो. मोकळ्या, पानं झडलेल्या जंगलात मात्र उंचीचा उपयोग होतो.

एडर करायला एक इंची ट्यूब्युलर नायलॉन पट्टा घ्या. गिर्यारोहणाच्या दुकानात तो मिळतो आणि त्याची ताकद ४,००० पौंडांच्या आसपास असते. त्याला वॉटर नॉट, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं जोडायची गाठ, मारा, दोन्ही टोकं निदान तीन इंच बाहेर ठेवा आणि पूर्ण वजन टाकून गाठ आवळा. ही गाठ वापरात हळूहळू सुटत जाते, म्हणून प्रत्येक चढाईआधी टोकांची लांबी बघायची. पाय जिथे ठेवायचा तिथे पट्ट्यात प्लास्टिकच्या नळीचा तुकडा ओवा, म्हणजे फास उघडा राहतो आणि अंधारात बुटाला सापडतो. त्या नळीवर पांढरा किंवा परावर्तक टेप लावा. चढताना एडर सोपा असतो; उतरताना तो दिसत नाही, आणि पाय हवेत चाचपडतो.

एडरवर पाय ठेवला की तो झाडाच्या दिशेने आत झुलतो आणि शरीर मागे कलतं. बुटाची टोकं खोडाला टेकवा, कंबर खोडाजवळ ओढून धरा आणि वजन सरळ खाली टाका. पहिल्या मोसमात एडर फक्त सर्वांत खालच्या स्टिकला लावा आणि उंची थोडी कमी मिळाली तर मिळू द्या. दोन-तीन पायऱ्यांचे एडर लावून दोनच स्टिक्सवर चढणारे लोक आहेत. ते अनेक वर्षं हे करत आलेले असतात.

आवाज

वजनाइतकाच आवाज महत्त्वाचा. हरणाला माणसापेक्षा वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आणि अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम आपटल्याचा टणत्कार जंगलात दुसरा कशाचाच नसतो.

हॉकीच्या काठीला गुंडाळतात तो कापडी टेप स्वस्त आणि टिकाऊ आहे. नळीवर तो गुंडाळा. वेल्डवर, बोल्टवर आणि ब्रॅकेटच्या दातांवर गुंडाळू नका, कारण तडा गेला तर तो दिसायला हवा. पायरीचा वरचा भागही मोकळा ठेवा. टेप पाणी धरतो आणि पहाटे ते गोठतं. हे काम ऑगस्टमध्ये उरकून स्टिक्स बाहेर उन्हात टांगा, ऑक्टोबरपर्यंत डिंकाचा वास जातो.

बोल्ट बदलून हलके करण्याच्या फंदात पडू नका. कंपनीचे पोलादी बोल्ट आणि नायलॉनची कडी असलेले न सुटणारे नट तसेच राहू द्या.

पाठीवर बांधणी

स्टिक्स एकमेकींत बसवून जुडी करा, पायऱ्या उलटसुलट दिशांना ठेवल्या की जुडी चपटी होते. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे रुंद कापलेले पट्टे वापरा, फुकटात मिळतात आणि अजिबात वाजत नाहीत. जुडी स्टँडच्या सपाट बाजूला, पाठीला जितकी जवळ येईल तितकी जवळ बांधा. त्याच स्टिक्स बाहेरच्या बाजूला लोंबत ठेवल्या तर खांदे मागे ओढले जातात आणि पायऱ्या झुडपांत अडकतात. डेझी चेन स्टिकभोवती गुंडाळून शेवटचा फास बटणावर अडकवा, लोंबणारं काही ठेवू नका. सगळं बांधून झालं की अंगणात उड्या मारा. काही वाजलं तर ते शोधून काढा.

झाड आणि चढाई

पहिला सराव घराजवळच्या झाडावर, दिवसा, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर करा. बदललेली प्रत्येक स्टिक तिथे बांधून तिच्यावर सगळे कपडे आणि हार्नेस घालून उभे राहा, हलके हिसके द्या, दोरी आणि बटण बघा. त्याच उंचीवर डोळे मिटून फास काढण्या-घालण्याचा सराव करा. मोसमात उतरायचं ते अंधारातच.

झाड जिवंत हवं, सरळ हवं आणि दोन्ही हातांनी कवळ घालता येईल एवढंच जाड. मिशिगनमध्ये अ‍ॅशच्या झाडांपासून लांब राहा. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि तेव्हापासून इथली अ‍ॅशची जंगलंच्या जंगलं वाळून उभी आहेत. वरून धड दिसणारं खोड आत कुसलेलं असतं. रोग लागलेली बीचची झाडंही अर्ध्यातून कडकन मोडतात. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, तिच्यावर स्टिक धरत नाही. रेड ओक, व्हाइट ओक आणि मेपल ही नव्या माणसासाठी चांगली झाडं.

हार्नेस जमिनीवरच घाला, पूर्ण शरीराचा. पाय जमीन सोडायच्या आधी लाइनमन बेल्ट खोडाभोवती घ्या. विजेच्या खांबावरचा वायरमन कमरेला लावतो तसाच हा पट्टा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि तुम्ही खोडाला जोडलेले असता. धनुष्य खाली ठेवून त्याला बारीक दोरी बांधा, दुसरं टोक कमरेला. धनुष्य घेऊन कधीही चढू नका.

पहिली स्टिक बांधताना खालची पायरी मांडीच्या उंचीला घ्या, एडर असेल तर. दुसरी स्टिक कमरेच्या फासाला लटकवून वर न्या आणि ती चेहऱ्याच्या उंचीवर बांधा. हात पूर्ण ताणून जास्तीत जास्त अंतर टाकण्याचा मोह होतो, कारण प्रत्येक इंच म्हणजे फुकटची उंची वाटते. पण अंतर ठरवायचं ते उतरण्याच्या हिशेबाने: तीन-चार तास थंडीत बसून पाय आखडलेले असतात, अंगावर जाड कपडे असतात. वाटेत फांदी आली तर तिच्या वर टेदर, म्हणजे हार्नेसला झाडाशी जोडणारी दोरी, अडकवल्याशिवाय खालचा बेल्ट सोडू नका. कोणत्याही क्षणी निदान एक दोरी तुम्हाला झाडाशी जोडून असायला हवी.

शेवटच्या स्टिकची वरची पायरी स्टँडच्या फळीच्या थोडी वर ठेवा, म्हणजे स्टँडवर खाली पाय टाकत जाता येतं. पडण्याचे प्रसंग याच ठिकाणी, स्टिकवरून स्टँडवर जाताना आणि परत येताना, जास्त घडतात. आधी टेदर झाडाला डोक्याच्या वर अडकवा, मग पाऊल टाका, मग लाइनमन बेल्ट सोडा. परतताना हाच क्रम उलटा.

हार्नेसवर लटकायची वेळ आलीच, तर पायांतला रक्तप्रवाह अडकू देऊ नका, काही मिनिटांतच ते जिवावर बेतू शकतं. हार्नेससोबत मिळणारा पाय टेकायचा पट्टा खिशात हाताला लागेल असा ठेवा, त्यात उभे राहा आणि पाय हलवत राहा. फोन आणि शिट्टी छातीच्या खिशात हवी, पाठीवरच्या पिशवीत नको. कुठल्या जागेवर, कुठल्या झाडापाशी आणि किती वाजेपर्यंत, हे घरी लिहून ठेवून जा.

मोसम संपल्यावर

दोऱ्या आणि एडर स्टिकवरून काढा, कोमट साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. ऊन नायलॉनला आणि डायनीमालाही जुनं करतं, म्हणून गॅरेजच्या खिडकीत टांगून ठेवू नका. दोरीवरून बोट फिरवून तुटलेले पदर, चपटे झालेले भाग आणि काचेसारखी चकाकी शोधा. चकाकी म्हणजे तिथे घर्षणाने धागे वितळलेत. असं काही दिसलं की ती दोरी कापून टाका, म्हणजे पुन्हा चुकून वापरली जाणार नाही. स्टिकवरचा टेप कडेने उचलून वेल्डभोवती बारीक रेघ दिसते का बघा. नवी दोरी बसवली की तिच्या टोकाला कापडी टेपचा तुकडा लावा आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने महिना व वर्ष लिहा.